भरतीरेषेपाशी

हे घाईनं वाचू नका. मधे जिथे जागा मोकळी सोडली आहे तिथे नजर कागदावरून उचला, दोन-चार श्वास सावकाश जाऊ द्या, मग पुढे या. आपल्याला एका किनाऱ्यावर जाऊन बसायचं आहे. तिथे तीस वर्षं एक खासगी क्लब होता. आज तिथे कुणीही जातं. हे कसं घडलं आणि त्यात आपण घेण्यासारखं काय आहे, एवढ्यावरच मन ठेवू.

जागा कॅलिफोर्नियात आहे. लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला सांता मोनिका हे शहर पॅसिफिक महासागराला भिडतं. शहर उंचावर वसलं आहे. कड्याच्या माथ्यावर पामच्या झाडांची बाग, तिथून शंभरेक फूट खाली उतरणारा भुसभुशीत मातीचा कडा, पायथ्याशी महामार्ग, महामार्गापलीकडे इमारतींची एक रांग आणि त्या रांगेपलीकडे वाळू. महामार्गाचं नाव पॅसिफिक कोस्ट हायवे. त्यावरचा ४१५ हा क्रमांक म्हणजे आपलं ठिकाण.

आत जायची घाई नाही. आधी रस्त्यापाशीच उभे राहू.

कड्याकडे पाठ करा. समोरून गाड्या जाताहेत, खंड न पडता. या आवाजाला नाव ठेवू नका, तो ऐका. त्याच्या मागे दुसरा एक आवाज आहे, जरा लक्ष दिलं की कळतो. गाडीचा आवाज एका बाजूनं येतो आणि दुसऱ्या बाजूला निघून जातो. लाटेचा आवाज जिथे उठतो तिथेच विरतो. दोन्ही वेगळे ऐकू येईपर्यंत थांबा.

हा रस्ता पूर्वी नव्हता. उत्तरेला मालिबूकडे जायचं तर ओहोटीची वेळ साधून ओल्या वाळूवरून जावं लागे. मालिबूचा वीसेक मैलांचा किनारा एकाच कुटुंबाच्या मालकीचा होता. मे रिंज या तिथल्या मालकीणबाई पतीच्या मागे ती जमीन राखायला उभ्या राहिल्या. त्यांनी फाटकं बसवली, पहारे ठेवले, परकी रेल्वे येऊ नये म्हणून स्वतःची रेल्वे टाकली आणि रस्त्याविरुद्ध वर्षानुवर्षं कोर्टात झगडल्या. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. निर्मनुष्य किनाऱ्यावरून, कुठल्याही बाजारपेठेला न जाणारा रस्ता ही सार्वजनिक गरज कशी, असा प्रश्न होता. १९२३ मध्ये न्यायालयानं तो निकाली काढला. लोकांचं आरोग्य, विरंगुळा, डोंगर आणि समुद्र डोळे भरून बघायला मिळणं, ही सुद्धा सार्वजनिक गरज आहे आणि तिच्यासाठी जमीन घेता येते, असा त्याचा अर्थ होता. १९२९ मध्ये रस्ता वाहतुकीला खुला झाला.

समुद्र बघायला मिळणं ही माणसाची गरज आहे. हे वाक्य मनात ठेवा आणि त्याला काही जोडू नका. धान्य, पाणी, औषध, घर या यादीत ते बसतं का, तेवढं बघा. माझ्या मते बसतं. तुम्हाला वाटत नसेल तर तसंही असू द्या, अजून बरंच चालायचं आहे.

*

रस्ता सगळ्यांचा झाला, पण इथे सांता मोनिकात रस्त्यावरून समुद्र दिसत नव्हता. मधे श्रीमंतांचे बंगले आणि क्लब खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांतलं सर्वांत मोठं घर ४१५ क्रमांकाचं. वृत्तपत्रांचे धनाढ्य मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी १९२०च्या दशकात अभिनेत्री मॅरियन डेव्हिस हिच्यासाठी ते बांधवलं. शंभराहून जास्त खोल्या, समुद्राच्या बाजूला उंच पांढरे खांब, शेजारी पाहुण्यांसाठी वेगळी घरं. पाहुण्यांचं एक घर आणि पोहण्याचा तलाव ज्युलिया मॉर्गन यांनी आखला. कॅलिफोर्नियात वास्तुरचनाकाराचा परवाना मिळवणारी ही पहिली स्त्री. तो तिला १९०४ मध्ये मिळाला होता.

मुख्य घराची कथा थोडक्यात संपते. डेव्हिसबाईंनी १९४७ मध्ये ते सहा लाख डॉलरला विकलं. नव्या मालकानं तिथे हॉटेल आणि क्लब चालवून बघितला, जमलं नाही. १९५६ मध्ये घर पाडलं. तीस वर्षंही ते उभं राहिलं नाही. पाहुण्यांचं घर आणि तलाव तेवढे मागे उरले.

आज मुख्य घराच्या जागी नव्या इमारतीपुढे पांढऱ्या, सडपातळ खांबांची एक ओळ उभी आहे. जुन्या खांबांची आठवण म्हणून ती मुद्दाम ठेवली आहे. त्यांच्या मधून समुद्र दिसतो. एका खांबापाशी उभे राहा. मागे शंभर खोल्या आहेत असं मनात आणा. जिने, झुंबरं, वरच्या मजल्यावर कुणाची तरी पावलं. आता एकेक खोली जाऊ द्या. घाई न करता, वरच्या मजल्यापासून. शेवटची खोली गेली की मागे वळून बघा. कडा आहे, रस्ता आहे, आकाश आहे. समोर समुद्र आधी होता तिथेच आहे.

*

तलावाच्या काठावर बसा. काठ संगमरवरी आहे. सकाळी दगड गार असतो, उन्हं वर आली की हळूहळू पोटऱ्यांना ऊब लागते. पाय पाण्यात सोडा. तलाव एकशे दहा फूट लांब आहे आणि आतल्या फरशांची नक्षी जुन्या काळातली आहे. पाणी हललं की नक्षीच्या रेषा मोडतात, पाणी ठरलं की पुन्हा जुळतात. जुळता जुळता कुणीतरी पलीकडे उडी मारतं आणि त्या पुन्हा मोडतात. काही मिनिटं एवढंच बघा.

आता एक साधा प्रश्न मनात येऊ द्या. समोर अख्खा महासागर असताना माणसानं त्याच्या काठावर तलाव कशाला बांधला?

पहिलं उत्तर पाण्यातच आहे. या किनाऱ्याला लागून उत्तरेकडून थंड प्रवाह वाहतो. ऐन उन्हाळ्यातही समुद्राचं पाणी साधारण अठरा ते वीस अंश असतं, हिवाळ्यात चौदाच्या आसपास. मालवणला किंवा अलिबागला कमरेइतक्या कोमट पाण्यात तासभर डुंबलेल्या माणसाचा इथे पहिल्या लाटेला श्वास अडकतो. जून महिन्यात तर समुद्रावरून आलेलं धुकं दुपारपर्यंत हटत नाही. तेव्हा तापवलेल्या पाण्याचा तलाव ही काही नुसती चैन नाही, हे कबूल करायला हवं.

पण दुसरंही उत्तर आहे, आणि ते सावकाश कळतं. तलावात उतरलेल्या माणसाला समुद्र दिसतो, ऐकू येतो, त्याची खारी हवा लागते. फक्त समुद्र त्याला हात लावू शकत नाही. लाट येऊन पाय ओढत नाही, शेवाळ पायाला गुंडाळत नाही. जे सुंदर आहे त्याच्या जवळ असावं, पण त्यातलं अनोळखी काही अंगाला लागू नये, अशी ही इच्छा आहे. ती आपल्या सगळ्यांत असते. तुमच्यातही ती आत्ता कुठे आहे, शोधा. तिला दोष देऊ नका. तिची ओळख पटली की पुढचं समजायला सोपं जाईल.

*

१९५९ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं ही जागा विकत घेतली. पुढच्या वर्षी, १९६० मध्ये, ती शहराच्या कारभाराखाली भाडेपट्ट्यानं चालवायला दिली गेली आणि तिथे सँड अँड सी क्लब सुरू झाला. जमीन जनतेची आणि फाटकाच्या आत सदस्य. १९९० पर्यंत, तीस वर्षं, असंच चाललं.

क्लब म्हणजे वाईट असं म्हणून हा भाग मला उरकायचा नाही. त्या दिवसांत एकदा जाऊन बघू. महायुद्ध मागे पडलेलं, दक्षिण कॅलिफोर्नियात माणसं भराभर राहायला येताहेत, घरोघरी मोटारी आहेत. उन्हाळ्याची सुट्टी लागते. आई पोरांना मागच्या सीटवर कोंबते, टॉवेल, सँडविच, उन्हाळी टोप्या घेते आणि शहरातून उतारानं महामार्गावर येते. फाटक उघडतं. लॉकरमध्ये सामान जातं. पोरं पळत सुटतात आणि त्यांच्यावर कुणी ना कुणी ओळखीचं लक्ष ठेवून असतं. वाळूत व्हॉलीबॉलचं जाळं, सावलीत पत्ते, संध्याकाळी गोड्या पाण्याची अंघोळ. दर वर्षी तीच माणसं, दर वर्षी मुलं वीतभर उंच झालेली. अशा जागी एक स्वस्थता असते. आपल्याला ओळखतात, आपलं सामान सुरक्षित आहे, उद्याही इथेच यायचं आहे. ही स्वस्थता खरी होती, आणि ज्यांनी ती अनुभवली त्यांना क्लब बंद झाल्यावर वाईट वाटलं असेल तर ते वाटणंही खरंच.

आता त्याच महामार्गावर, फाटकाच्या बाहेर उभे राहा. तुमच्याकडे सदस्यत्व नाही. आत हसण्याचे आवाज येताहेत. तुम्ही कर भरता, आणि त्याच पैशातून ही जमीन घेतली आहे.

आधी आत बसा, मग बाहेर उभे राहा. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दोन्ही ठिकाणी मन काय करतं ते बघा. आत असताना फाटक दिसत नाही, हे माझ्या लक्षात आलं. तुमच्या काय लक्षात येतं, ते तुमचं तुम्हीच बघा.

*

आता उठा आणि वाळूवरून समुद्राकडे चालायला लागा. चपला हातात घ्या. कोरडी वाळू पाय आत ओढते, तेव्हा पावलं आपोआप मंदावतात. ती मंदावू द्या. अंतर बरंच आहे.

हे अंतर निसर्गानं दिलेलं नाही. पूर्वी इथला किनारा बराच अरुंद होता. १९३०च्या दशकात शहरानं बोटींसाठी समुद्रात दगडी बांध घातला. बांधाच्या आडोशाला पाणी संथ झालं आणि वाहत जाणारी वाळू तिथेच बसायला लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेला हायपेरियन इथे सांडपाणी शुद्धीकरणाचं मोठं केंद्र बांधताना वाळूच्या टेकड्या खणल्या गेल्या आणि ती वाळू या उपसागराच्या किनाऱ्यावर पसरली. तुमच्या पायाखाली त्यातलं थोडं असेलही.

मग भांडण लागलं की ही नवी वाळू कुणाची. काठावरच्या जमीनमालकांचं म्हणणं, समुद्र मागे हटला, आमची जमीन वाढली. सांता मोनिकाच्याच एका खटल्यात १९४४ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की माणसानं बांधलेल्या कामांमुळे जमा झालेली वाळू मालकांची होत नाही, ती जनतेची. नदी-समुद्रानं आपसूक आणून टाकलेल्या वाळूचा नियम वेगळा. इथे बांधानं अडवलेल्या वाळूचा प्रश्न होता. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. त्यामुळे पुढे किनारा कितीही रुंद झाला तरी ती रुंदी कुणा एकाच्या अंगणात गेली नाही. क्लबचे सदस्य ज्या वाळूवर टॉवेल पसरत, ती क्लबची नव्हती.

चालत राहा. वाळूचा रंग बदलेल. फिकी होती ती गडद होईल, पायाला ओल लागेल, पाऊल रुतायचं थांबेल. इथे थांबा.

*

आपण जिच्यासाठी आलो ती रेषा इथे कुठेतरी आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात भरतीच्या सरासरी रेषेखालची सगळी जमीन जनतेची. वर कुणाचाही बंगला असो, खाली ओल्या वाळूवरून चालणाऱ्याला कुणी हटकू शकत नाही. पण ही रेषा दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. इथे दिवसाला दोन भरत्या येतात आणि त्या दोन्ही सारख्या उंचीच्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेला पाणी वर चढतं, अष्टमीच्या आसपास कमी. शिवाय चंद्राच्या कक्षेचा कलही हळूहळू बदलत असतो आणि त्याचं एक आवर्तन पुरं व्हायला साडेअठरा वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. लॉस एंजेलिसच्या बंदरातल्या एका बेटाच्या खटल्यात १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की सरासरी काढायची तर एवढ्या काळातल्या भरत्यांची काढायला हवी.

म्हणजे जमिनीची हद्द ठरवायला न्यायाधीशांना चंद्राचं एक अख्खं आवर्तन हिशेबात घ्यावं लागलं. अशी हद्द कुठल्या सातबाऱ्यावर काढून दाखवणार?

समोर बघा. छोटे तुतवार पक्षी फेसाच्या काठानं पळताहेत. लाट मागे सरली की तिच्या मागे धावत जातात, ओल्या वाळूत चोच खुपसतात, पुढची लाट आली की तितक्याच लगबगीनं वर पळतात. पोट भिजत नाही, पाय तेवढे भिजतात. त्यातला एक पक्षी निवडा आणि फक्त त्याच्यावर नजर ठेवा. तो कळपात हरवला तर दुसरा निवडा. लाट येते, जाते. प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी थांबते. तिच्या प्रत्येक थांबण्याला मनातल्या मनात ‘इथे’ म्हणा. इथे. पुढची लाट, इथे. थोड्या वेळानं ‘इथे’ म्हणायचं सोडून द्या आणि नुसतं बघा.

याच पाण्यावरून निक गबाल्डोन जात असे. शहराच्या दक्षिण भागात बे स्ट्रीटच्या तोंडाशी किनाऱ्याचा एक तुकडा होता, जिथे कृष्णवर्णीय कुटुंबं जमत. इतर ठिकाणी त्यांना हुसकावलं जाई, म्हणून तो एवढासा तुकडा. निक तिथे लाटांवर स्वार व्हायला शिकला. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन अशा दोन्ही वंशांतून आलेला हा तरुण. चांगल्या लाटा मालिबूला, बारा मैलांवर, म्हणजे एकोणीस किलोमीटर. तो फळीवर पालथा पडून, दोन्ही हातांनी पाणी मारत तिथवर जाई. १९५१ च्या जूनमध्ये मालिबूच्या धक्क्याच्या खांबांवर आदळून तो गेला. त्याच्या वाटेत हे सगळे बंगले आणि क्लब येत. तो समुद्राच्या बाजूनं त्यांच्या समोरून जाई, आणि त्या वाटेवर फाटक नव्हतं.

त्याला एकदा जाऊ द्या. दक्षिणेकडून येताना दिसतो आहे असं समजा. हात पाण्यात शिरतात, बाहेर येतात. घाई करून जवळ आणू नका. बारा मैलांना जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो.

आणखी एका माणसाची आठवण इथेच ठेवायला हवी. सायलस व्हाइट या कृष्णवर्णीय व्यावसायिकानं १९५७ मध्ये सांता मोनिकाच्या ओशन अॅव्हेन्यूवर एक इमारत घेऊन एबनी बीच क्लब काढायचं ठरवलं. ज्यांना कुठल्याच क्लबमध्ये घेत नव्हते त्यांच्यासाठी लॉकर, सावली, अंघोळ, ओळखीची माणसं. मघाशी फाटकाच्या आत आपण जी स्वस्थता पाहिली, तीच. १९५८ मध्ये शहरानं ती जागा सार्वजनिक कामासाठी म्हणून सक्तीनं ताब्यात घेतली. नव्या सभागृहात येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या करायला जागा हवी, असं कारण दिलं गेलं. क्लब उघडलाच नाही. आज त्या पत्त्यावर हॉटेल आहे.

तारखा शेजारी ठेवून बघा. १९५८ मध्ये सार्वजनिक कामासाठी जागा हवी म्हणून व्हाइट यांचा क्लब गेला. १९६० मध्ये त्याच शहरात जनतेच्या जमिनीवर खासगी क्लब सुरू झाला. यावर मी जास्त बोलणार नाही. राग आला तर येऊ द्या, तो इथे योग्यच आहे. पण त्याला लगेच बोलायला लावू नका. लाटांकडे बघत तो थोडा वेळ धरून ठेवा.

*

पुढचं बरंचसं काम शांतपणे, कागदावर झालं. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी थेट मतदान करून किनाऱ्यासाठी आयोग नेमायला लावला. १९७६ मध्ये त्याला कायमचा कायदा मिळाला आणि समुद्रापर्यंत लोकांची वाट राखणं हे त्याचं काम झालं. याच महामार्गावरच्या जोनाथन क्लबला राज्याच्या किनाऱ्यावर आपला विस्तार करायचा होता. आयोगानं अट घातली की सदस्य घेताना वंश, धर्म, लिंग यांवरून कुणाला नाकारायचं नाही. क्लब कोर्टात गेला. १९८८ मध्ये अपील न्यायालयानं आयोगाची अट उचलून धरली.

सँड अँड सी क्लबचा पट्टा १९९० मध्ये संपला आणि जागा लोकांसाठी खुली झाली. चारच वर्षांनी, १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे, नॉर्थरिजचा भूकंप झाला. इमारतींना तडे गेले, त्या वापरायला धोकादायक ठरल्या आणि भोवती कुंपण घातलं गेलं. यावेळचं कुंपण सगळ्यांनाच बाहेर ठेवणारं होतं. पंधरा वर्षं तलाव कोरडा आणि बंद.

मग अॅनेनबर्ग फाउंडेशननं, वॉलिस अॅनेनबर्ग यांच्या पुढाकारानं, दोन कोटी पंचाहत्तर लाख डॉलर दिले. तलाव दुरुस्त झाला, ज्युलिया मॉर्गन यांचं घर पूर्ववत केलं गेलं, बाकी नवं बांधलं. एप्रिल २००९ मध्ये अॅनेनबर्ग कम्युनिटी बीच हाउस या नावानं ते उघडलं. सदस्यत्वाची अट उरली नाही. तलाव साधारण उन्हाळ्यात चालू असतो. तिकीट काढायचं आणि पोहायचं, आधी येईल त्याला आधी जागा. वाळू, व्हॉलीबॉलचं जाळं, बसायच्या जागा, यांना काही लागत नाही.

मला यातलं एक फार पटतं. त्यांनी तलाव बुजवला नाही. लॉकर, सावली, गोड्या पाण्याचे नळ काढून टाकले नाहीत. क्लबात जे चांगलं होतं ते राहिलं, फाटकाची अट तेवढी गेली. अन्याय झालेल्या जागा बहुतेक वेळा एकतर जशाच्या तशा राहतात किंवा मुळापासून उखडल्या जातात. सांता मोनिकानं इथे तिसरा मार्ग काढला, आणि तो चांगला काढला. व्हाइट यांच्या इमारतीच्या बाबतीत तेच शहर असं वागलं नव्हतं, हेही याच वाक्याच्या शेजारी राहू द्या.

जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या पॅलिसेड्स भागात लागलेली आग कड्यांवरून उतरून महामार्गापर्यंत आली. मालिबूत समुद्राकाठची घरांची रांगच्या रांग जळाली. रस्त्यावरून जिथे नुसत्या भिंती दिसत तिथे राखेच्या पलीकडे समुद्र दिसू लागला. ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी क्षणभर थांबा. त्यांचंही समुद्राजवळ राहण्याचं सुख होतं आणि ते एका रात्रीत गेलं.

*

आता परत फिरायची वेळ. ओल्या वाळूकडून कोरड्या वाळूकडे. पावलं पुन्हा रुतायला लागतील. उन्हाळ्यात इथे सूर्य समुद्रात बुडताना दिसत नाही, तो मालिबूच्या डोंगरांमागे जातो. समुद्रातला सूर्यास्त हवा असेल तर हिवाळ्यात यावं लागतं. आज जो मिळेल तो बघा.

आपल्याकडे हद्द वेगळ्या रीतीनं मोजतात. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनं भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूला पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा नियमांखाली आणला. आपली भरतीरेषा म्हणजे उधाणाचं पाणी जिथवर चढतं ती. त्यानंतर या नियमांत अनेकदा बदल झाले आहेत आणि पुढेही होतील. पण समुद्रापर्यंत माणूस पोचतो तो अधिसूचनेवरून नाही, वाटेवरून पोचतो. कोकणात, गोव्यात गावोगाव अशा वाटा आहेत. दोन गडग्यांच्या मधून जाणारी पाणंद, सुरूच्या बनातून उतरणारी पायवाट, जाळी आणि टोपल्या घेऊन पिढ्यान्‌पिढ्या कोळी बायका ज्या वाटेनं येतात-जातात ती. अशी वाट कुणी एका दिवसात बंद करत नाही. आधी एका बाजूला चिऱ्याची भिंत येते, मग फाटक येतं, ते दिवसा उघडं असतं, मग रात्री लावलं जातं आणि काही वर्षांनी तिथे वाट होती हे मुलांना सांगावं लागतं.

तेव्हा एक विनंती आहे. पुढच्या खेपेला गावी किंवा कुठल्याही पुळणीवर जाल, तेव्हा जुन्या वाटेनं उतरा. हॉटेलाच्या लॉनमधून नको, गावाच्या वाटेनं. ती कुठे सुरू होते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ती गावच्या नकाशावर दाखवली आहे का ते ग्रामपंचायतीत जाऊन बघा. नसेल तर अर्ज करा, आणि त्या अर्जावर तुमच्यासोबत कोळीवाड्यातल्या दोघा-चौघांच्या सह्या घ्या.